अक्काचं निरूपण

सिनेमातला देव शोधता शोधता मी माझी बहीण घालवली. हे असं एकदम तोंडावर फेकून मारल्यासारखं लिहितोय, कारण आडवळणानं सांगायची मला लई सवय आहे आणि त्या सवयीनंच घात केला. अक्काच्या डाव्या छातीत गाठ होती. सहा महिने ती आमच्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर ती गाठ घेऊन वावरत होती. आणि मी, पडद्यावर कोपऱ्यात ठेवलेल्या रिकाम्या तांब्याचाही अर्थ सांगणारा शहाणा, तिच्याकडे बघून भलताच अर्थ लावत बसलो.

तिला जाऊन आता वर्ष होत आलं. हे तोंडानं कुणाला सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून लिहायला बसलोय. बायको म्हणाली, "लिहा, पण त्यात स्वतःला हिरो करू नका." ती असंच बोलते. आणि बहुतेक वेळा तिचंच खरं निघतं, हे कबूल करायला मला साठी ओलांडावी लागली.

तर आधी माझ्याबद्दल. मी कॉलेजात भूगोल शिकवायचो. मूळचे आम्ही पिशोरचे, शेतीवाले. मी शिकायला शहरात आलो तो इथलाच झालो, सिडकोत फ्लॅट घेतला, निवृत्तही झालो. निवृत्तीआधीच मला सिनेमाचं वेड लागलं होतं. एका शाळेच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी आमचं मंडळ जमायचं. तीस-चाळीस माणसं. बँकेतून निवृत्त झालेले, शिक्षक, एक दातांचे डॉक्टर, आणि या सगळ्यांचे पुढारी म्हणजे एक निवृत्त इंजिनिअरसाहेब. दहाला सिनेमा, साडेबाराला चहा-पोहे आणि मग माझं निरूपण.

निरूपण हा शब्द आधी कुणीतरी थट्टेनं काढला होता. कीर्तनात बुवा अभंग घेतात आणि मग त्याचा एकेक पदर उलगडत जातात, तसं मी सिनेमाचं करायचो. हातात वर्गातली नकाशाची काठी. "थांबवा," म्हणायचो. चित्र जागच्या जागी गोठायचं. मग मी काठी टेकवायचो. "हे दार बघा. उघडं आहे. घरात कुणी नाही, तरी उघडं का आहे?" हॉल चिडीचूप. लोक वह्या काढून लिहून घ्यायचे. साठीच्या माणसानं आपलं बोलणं लिहून घेतलं की काय नशा चढते, ते ज्याला चढली त्यालाच ठाऊक. थट्टेतला शब्द कधी खरा झाला, कळलंही नाही.

सगळंच ढोंग होतं असं मात्र मी म्हणणार नाही. वडील गेले त्या वर्षी मी एक सिनेमा पाहिला होता. त्यात एक माणूस पेटी घेऊन बसस्टँडवर बसलेला असतो. बस येते, थांबते, निघून जाते. तो उठत नाही. बास, एवढंच, कितीतरी मिनिटं. वडिलांच्या तेराव्याला सुद्धा न रडलेला मी त्या थेटरात हमसून हमसून रडलो. बाहेर आलो तेव्हा वाटलं, आपण देवळातून आलो. ते खरं होतं, आजही खरं आहे. त्याच्यावर मी पुढं जे दुकान थाटलं, ते खोटं.

दुकानात दोन्ही प्रकारचा माल होता. गर्दीचे, नाचगाण्यांचे सिनेमे आणि ज्यांना तिकिटाच्या खिडकीवर कुत्रं विचारत नाही असले छोटे सिनेमे. माझं एक वाक्य मंडळात फार गाजलं होतं. "मसाला सिनेमातला देव बोलावला की येतो. दुसऱ्या सिनेमातला देव येतच नाही, आणि त्याचं न येणं हेच दर्शन." लोक वा वा करायचे. घरी एकदा मी हे जेवताना अक्काला ऐकवलं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला नि म्हणाली, "आरं, येतच नाय तर मग त्याला देव कशापायी म्हणायचं? शेजारीच की तो." बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. मी मात्र रुसलो होतो.

अक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. लग्नानंतर चौथ्याच वर्षी नवरा गेला, मूलबाळ नाही, ती माहेरी परत आली आणि मग शेत तिनंच पाहिलं. मला शिकवलं तेही तिनंच. मला पहिला सिनेमाही तिनंच दाखवला. बाजाराच्या दिवशी पिशोरात तंबू लागायचा. खाली जमिनीवर बसायचं, पुढं बायका, मागं बाप्ये. पडद्यावर देवी प्रकटली की बायका चपला काढून मागं सरकवायच्या. अक्का माझ्या दंडाला चिमटा काढायची, "हात जोड, येड्या." एका सिनेमात एक आई देवळात जाऊन देवाला शिव्या घालते, घंटा बडवते, कपाळ आपटते आणि देव मुकाट तिचं पोरगं परत देतो. त्याच हप्त्यात आमची आई तापानं फणफणली होती. अक्का वेशीवरच्या मारुतीपुढं कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "दोन दिसात उठव तिला. नायतर तुझा शेंदूर खरवडून काढीन." मी भीतीनं चड्डीत मुतायचाच बाकी होतो. आई तिसऱ्या दिवशी उठली. अक्का म्हणाली, एक दिस उशीर केला लेकाच्यानं.

अशी ही बाई. देवाशी भांडायला न भिणारी. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढं जे झालं ते समजायला आधी ती कशी होती ते समजलं पाहिजे.

गुडघे गेले तेव्हा मी तिला शहरात घेऊन आलो. ती दुपारी टीव्हीवर जुने सिनेमे बघायची, व्हिलनला शिव्या द्यायची, देव आला की बसल्या जागी हात जोडायची. मला लाज वाटायची. खरंच सांगतो. मंडळातलं कुणी घरी आलं की मी आधी रिमोट शोधायचो. मग माझ्या डोक्यात आलं की हिला सुधारावं. रविवारी तिला रिक्षात घालून हॉलवर न्यायला लागलो. ती पहिल्या रांगेत बसायची, पदर डोक्यावरून घेऊन. लोक तिला अक्का म्हणायला लागले. सिनेमातलं तिला अर्धं कळायचं नाही, पण माझं निरूपण ती कान देऊन ऐकायची. भाऊ बोलतोय, चाळीस माणसं ऐकतायत, याचंच तिला अप्रूप होतं.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी मी तो सिनेमा लावला. छोटासाच. डोंगरातल्या वाडीवर एकटी राहणारी म्हातारी. तिच्या पोटात काहीतरी दुखतंय. ती कुणाला सांगत नाही. अंगणातली भिंत पांढऱ्या मातीनं सारवते. अर्धी राहिलेली गोधडी पुरी करते. शेळीचं दावं सोडते. मग दारात येऊन बसते. शेवटी दार दिसतं, म्हातारी दिसत नाही. संपला सिनेमा. हॉलमध्ये कुणी हाललं नाही, पोह्यांच्या डिश तशाच गार झाल्या.

मी काठी घेऊन उठलो, तेवढ्यात पहिल्या रांगेतून अक्कानं हात वर केला. शाळेतल्या मुलीसारखा. दोन वर्षांत पहिल्यांदाच. मी कौतुकानं म्हणालो, "विचार अक्का."

ती म्हणाली, "पन ती बाई दवाखान्यात का नाय गेली?"

आधी मागून एक जण हसला. मग सगळेच. दातांचे डॉक्टरसुद्धा हसले. वाईट हेतूनं नाही, लेकराच्या बोलण्याला हसतात तसं. आणि मीही हसलो. हसत हसत म्हणालो, "अक्का, अगं हा सिनेमा दवाखान्याचा नाही. ती गेली असती तर सिनेमाच झाला नसता." पुन्हा हशा. अक्का पण हसली, पदर तोंडाला लावून. मग मी सूर लावला. ही बाई भांडत नाही, मी म्हणालो. मागत नाही. आपण सगळे मागत सुटतो, अजून दे, अजून दहा वर्षं दे. ती जे आलं ते पदरात घेते. स्वीकार ही शेवटची प्रार्थना आहे. कुठलाही ग्रंथ न वाचलेली ही बाई आपल्या सगळ्यांपेक्षा शहाणी आहे. असं बरंच. पाऊण तास बोललो. त्या दिवशीइतकं चांगलं मी कधी बोललो नाही, असं इंजिनिअरसाहेब म्हणाले.

अक्काला ती गाठ दिवाळीच्या आधीच हाताला लागली होती. त्या हॉलमध्ये तो प्रश्न तिनं सिनेमातल्या बाईसाठी विचारलाच नव्हता. मला हे कळायला वैशाख उजाडला.

त्या रविवारनंतर घरात काहीतरी बदललं. आधी टीव्ही बंद झाला. दुपारी अक्का भिंतीकडं तोंड करून पडायला लागली. मी बायकोला म्हणालो, "बघ, अंतर्मुख होतेय." मग तिनं भाकऱ्या थापणं सोडलं. पन्नास वर्षं ज्या बाईनं दुसऱ्याच्या हातची भाकरी नाकारली, ती पोळी गपगुमान खायला लागली. डावा हात भरून येतो म्हणाली. मी म्हटलं, वय झालं, आता कर्माचा पसारा आपोआप गळतोय. मग एके दिवशी तिनं पेटी उघडली आणि दोन इरकली साड्या बायकोच्या हातात ठेवल्या. "तू नेस. मला आता काय करायच्यात." बायको साड्या घेऊन उभीच राहिली. मी मात्र वहीत लिहून ठेवलं, अपरिग्रह. पुढच्या निरूपणात वापरता येईल म्हणून.

आज ती वही पुन्हा उघडली. पानापानावर तारीख घालून माझ्या बहिणीचा आजार नोंदवलेला आहे. एखाद्या डॉक्टरला दाखवली असती तर त्यानं दुसऱ्याच पानावर मला कानफटात मारली असती.

बायकोला मात्र चाहूल लागली होती. एकदा मी चहा पीत होतो तेव्हा ती समोर येऊन बसली. "अहो, अक्कांचं काहीतरी बिनसलंय. पाठ चोळायला गेले तर आतून कडी लावतात. झंपर बाल्कनीत वाळत घालत नाहीत, मोरीतच घालतात. मी विचारलं तर हसून टाळतात."

"म्हातारपणी माणूस संकोची होतो," मी म्हणालो.

"अक्का? संकोची?"

"अगं, विरक्ती असते ती. शरीराशी नातं तुटत जातं माणसाचं. तुला नाही कळायचं."

"मला नाही कळायचं," ती म्हणाली, "पण तुम्हाला काय डोंबल कळतंय तेही मला दिसतंय." आणि कप उचलून आत गेली. मला राग आला. दोन दिवस धड बोललो नाही तिच्याशी. बाईमाणसाचं डोकं घरगुतीच चालायचं, असा विचारही मनात आला होता. लिहितो तो विचार, लपवत नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी वर्गात कितीदा वापरली असेल!

माघात एकदा संध्याकाळी मी बाहेरून आलो तर अक्का बाल्कनीत खुर्चीवर बसली होती. ऊन उतरत होतं. डोक्यावर पदर, नजर लांब कुठंतरी, आणि उजवा हात पदराखाली डाव्या छातीशी धरलेला. तिला मी आल्याचं कळलं नाही. मी दारातच थांबलो. काय उजेड होता तो! काय चौकट! मी फोन काढला आणि हळूच फोटो घेतला. रात्रीच्या जेवणाआधी तो मंडळाच्या ग्रुपवर टाकलाही. खाली एकच शब्द लिहिला, समर्पण. धडाधड फुलं आली, बदाम आले. कुणीतरी लिहिलं, "सर, ही तर आपल्या सिनेमातली फ्रेम." कुणी लिहिलं, "अक्कांना दंडवत." मी जेवताना तिला फोन दाखवला. "बघ, किती लोकांनी तुला नमस्कार घातलाय." तिनं फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. स्वतःकडं बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"तुला काय दिसतंय ह्यात?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. समर्पण म्हणजे काय, ते ताटावर बसून दहा मिनिटं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "बरं." आणि उठून हात धुवायला गेली. तिच्या ताटात अर्धी पोळी तशीच होती.

त्या क्षणी ती मला सांगणार होती, याची मला आता खात्री आहे. मी दहा मिनिटं गप्प बसलो असतो तरी चाललं असतं.

फाल्गुन गेला, चैत्र गेला. उन्हं तापली. अक्का अंगानं उतरत चालली. गळ्याची हाडं वर आली, पण बोलणं मात्र गोड झालं, आणि आम्हाला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटायला हवी होती. आयुष्यभर फटकळ असलेली बाई, कुणाला उलट शब्द बोलेना. घरात एक शांतता पसरली होती. बायको म्हणायची, मला या घरात आताशा नीट श्वास घेता येत नाही. मी मंडळात म्हणायचो, आमच्या घरात आताशा ध्यानासारखं वाटतं. एकाच घराबद्दल बोलत होतो आम्ही.

अक्षय तृतीयेच्या आदल्या रविवारी मी हॉलवरून परतलो. अक्का आली नव्हती, दमले म्हणाली होती. जिना चढतानाच वरून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. आत गेलो तर स्वैपाकघरात लोणच्याची बरणी फुटलेली, सगळीकडं तेल आणि मसाला, आणि अक्का ओट्याला धरून उभी. डावा हात वर गेलाच नाही म्हणाली. बायकोनं तिच्याकडं बघितलं, मग तिला धरून आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. मी फडकं घेऊन फरशी पुसत बसलो. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मग एकदम बायकोचा आवाज आला, "अगं आई गं." एवढंच.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बघून मी उठून उभा राहिलो. ओरडली नाही ती. म्हणाली, "तुमचं निरूपण आता बंद करा आणि रिक्षा आणा."

रिक्षावाल्यानं आरशातून अक्काकडं बघितलं आणि मला म्हणाला, "मामू, अम्मी को कबसे तकलीफ है?" अम्मी नाही, बहीण आहे, एवढंच मी म्हणालो.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. अक्काला त्यांनी मायेनं विचारलं, "आजी, कधीपासून आहे हे?"

"दिवाळीच्या आदी लागलं हाताला. हरभऱ्याएवढं व्हतं."

"आणि कुणालाच सांगितलं नाही?"

अक्कानं माझ्याकडं बघितलं नाही. नखानं चादरीची शिवण उकरत बसली. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. हाडांपर्यंत गेलंय म्हणाल्या. दिवाळीत आला असतात तर, असं म्हणून त्या थांबल्या. औषध सुरू करू, म्हणाल्या, बघू किती साथ देतं.

त्यानंतर वॉर्डाचे दिवस. मी रोज जायचो, स्टुलावर बसायचो. विचारायची हिंमत नव्हती आणि तीही काही सांगायची नाही. सलाइनच्या नळीकडं बघत पडून असायची. आणि खरं सांगू? अजूनही, तिथं बसून, तिच्या त्या गप्प चेहऱ्याकडं बघून माझ्या मनात तोच शब्द यायचा. स्वीकार. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मला तर त्या शब्दाचा आधारच वाटायचा. तिनं स्वतः होऊन हे निवडलं असेल तर माझ्या माथी काही येत नव्हतं.

एका दुपारी भेटायच्या वेळेला मंडळातली सहा माणसं आली. मोसंबी, शहाळी घेऊन. पलंगाच्या पायथ्याशी रांगेत उभी राहिली, देवळात उभी राहतात तशी. इंजिनिअरसाहेबांचे डोळे भरून आले होते. ते मला म्हणाले, पण अक्काला ऐकू जाईल अशा आवाजात, "सर, आम्ही तो सिनेमा नुसता पाहिला. अक्कांनी तो जगून दाखवला." एका बाईंनी वाकून अक्काच्या पायाला हात लावला. अक्कानं पाय आखडून घेतले.

सिस्टर आली आणि म्हणाली, एवढी गर्दी नको. सगळे बाहेर व्हरांड्यात जाऊन थांबले. मीही उठलो, तर अक्कानं माझं मनगट धरलं. हातात जीव राहिला नव्हता, तरी धरलं.

"काय म्हनायलेत ते?"

"तू धीरानं घेतलंस म्हणतात. स्वीकारलंस म्हणतात."

"काय स्वीकारलं?"

ती उठून बसायचा प्रयत्न करायला लागली. मी उशी लावायला गेलो तर तिनं माझा हात झटकला. किती महिन्यांनी तिचा तो जुना आवाज ऐकला मी.

"आरं, मला मरायचं नव्हतं रं. मला भ्या वाटत व्हतं. पिशोरात त्या शिंपिनीच्या असल्याच गाठीला चाकू लावला आन ती दोन महिन्यांत गेली, मी बघितली ना तिला. त्या भ्यानं मी गप बसले. कुनी धरून नेलं असतं तर गेले असते मी. तुला इचारलं तर तमाम लोक हसले. तू बी हसलास. मग म्हनलं, आपलंच येडपट असंल. शिकलेला भाऊ म्हनतोय तर गप बसनंच बरं असंल." तिला धाप लागली. मी तोंडासमोर पाणी धरलं, तिनं ते बाजूला केलं. "आन ते लोक माझ्या पाया पडायलेत. कशाच्या पाया पडायलेत? रोज रातच्याला मी उशीत तोंड घालून रडत व्हते. हे कुनी सांगितलं का त्यांना?"

"अक्का, माझं चुकलं," मी म्हणालो. "माझं चुकलं गं. मला काहीच कळलं नाही." माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक वाहत होतं. आजूबाजूचे पेशंट बघत होते.

"ते ऱ्हाऊ दे." तिनं माझं मनगट सोडलं. "जा. भाहीर जाऊन सांग त्यांना. आत्ताच्या आत्ता. म्हनावं, ती लई भ्यालेली व्हती. तिला जगायचं व्हतं. सांगशील ना?"

मी हो म्हणालो. तिनं मान हलवली आणि डोळे मिटले.

व्हरांड्यात ते सहाही जण भिंतीला टेकून उभे होते. मला बघून सरळ झाले. एका बाईंनी पर्समधून वही काढली होती, पेन त्यांच्या बोटांत तयार होतं. मी तोंड पुसलं. वाक्य माझ्या जिभेवर होतं, अक्काच्याच शब्दांत.

इंजिनिअरसाहेबांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "काय म्हणाल्या अक्का?"

"काही नाही," मी म्हणालो. "शांत आहे ती."

सहाही जणांनी हात जोडले.